नवज्योत अल्ताफ : चित्रफलकापासून पाणवठ्यापर्यंत

नवज्योत अल्ताफ (जन्म १९४९) या समकालीन भारतीय कलेतील एक महत्त्वाच्या चित्रकार, मांडणशिल्पकार व चित्रफीतकार होत. १९७० च्या दशकात मुंबईतील डाव्या युवक चळवळीत त्यांच्या कलाजीवनाची जडणघडण झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून छत्तीसगडमधील बस्तर प्रदेशातले कोंडागाव हे मुंबईइतकेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले. तेथील आदिवासी व कारागीर कलावंतांसमवेत त्यांनी गावोगावच्या हातपंपांभोवती उभारलेले पाणवठे हे त्यांच्या कार्यातील सर्वाधिक चर्चिले गेलेले पर्व आहे. कलावंताने समाजाविषयी चित्र काढणे, समाजासाठी चित्र काढणे आणि समाजातील माणसांच्या बरोबरीने काही निर्माण करणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नवज्योत यांची सुमारे पाच दशकांची वाटचाल या तिन्ही टप्प्यांतून गेलेली असल्यामुळे ती एका व्यक्तीच्या चरित्रापुरती मर्यादित राहत नाही. चळवळीतील कला कोणाची, कोणासाठी आणि तिच्यावर नाव कोणाचे, हे प्रश्न या वाटचालीत पुनःपुन्हा समोर येतात.

शिक्षण व चळवळीचे संस्कार

नवज्योत यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मेरठ येथे झाला. कलाशिक्षणासाठी त्या मुंबईस आल्या व सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षणक्रम त्यांनी १९७२ मध्ये पूर्ण केला. पुढे दिल्लीतील गढी येथील कार्यशाळेत त्यांनी मुद्राचित्रणाचा अभ्यास केला. मुंबईतच चित्रकार अल्ताफ मोहमदी (१९४२–२००५) यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अल्ताफ हे लंडनमध्ये कलाशिक्षण घेऊन परतलेले, मार्क्सवादी विचारांचे चित्रकार होते. अमूर्त रेषांकनांसाठी विख्यात असलेल्या नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) या अल्ताफ यांच्या भगिनी. नसरीन यांनी १९७२ पासून अखेरपर्यंत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. एकाच कुटुंबात एकीकडे मनुष्याकृतीला पूर्णतः वर्ज्य करणारी नसरीन यांची संयत रेषा आणि दुसरीकडे रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचू पाहणारे नवज्योत व अल्ताफ यांचे चित्र, अशा आधुनिक भारतीय कलेच्या दोन टोकांच्या वाटा त्या काळी शेजारी-शेजारी चालत होत्या.

नवज्योत व अल्ताफ हे दोघेही ‘प्रोग्रेसिव्ह यूथ मूव्हमेंट’ अर्थात ‘प्रोयोम’ या डाव्या विचारांच्या युवक संघटनेशी संबंधित होते. कलादालनात येणारा प्रेक्षक हा समाजाचा अत्यल्प भाग आहे, तेव्हा चित्रानेच उठून माणसांकडे जावे, ही या पिढीची धारणा होती. त्यानुसार वस्त्यांमध्ये, महाविद्यालयांत व रस्त्यांवर चित्रे आणि भित्तिपत्रके मांडण्याचे प्रयोग झाले. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या कालखंडात अशा कामाला निराळे गांभीर्य प्राप्त झाले.

भित्तिपत्रकाचे शास्त्र चित्रफलकाहून वेगळे असते. ते दूरवरून कळावे लागते, त्यात शब्द मोजके लागतात आणि काही दिवसांत ते ऊनपावसात नष्ट होणार हे गृहीत धरूनच ते रंगवावे लागते. कलावस्तूच्या चिरंतनपणाचा मोह सोडण्याचा हा संस्कार नवज्योत यांच्या पुढील कामात दिसून येतो. मात्र या पद्धतीची एक मर्यादाही होती. चित्र लोकांपर्यंत जात होते. परंतु त्यात काय सांगायचे हे चित्रकार व संघटना ठरवीत होत्या. ज्यांच्याविषयी चित्र आहे, त्यांचा त्याच्या घडणीत हात नव्हता.

कामगार, स्त्री आणि शहर

१९८२ च्या सुमारास नवज्योत यांनी ‘फॅक्टरी’ ही मालिका केली. याच वर्षी जानेवारीत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला होता आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या व डाव्या चळवळीचा कणा असलेला संघटित कामगार शहराच्या मध्यभागातून हळूहळू दिसेनासा झाला. कामगारवर्गाकडे पाहून ज्यांनी आपली कला घडविली होती, त्या कलावंतांपुढे यामुळे मूलभूत पेच उभा राहिला.

दुसरा पेच स्त्रीप्रश्नाचा होता. मथुरा या आदिवासी मुलीवरील पोलीस ठाण्यातील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले आणि त्या निकालाविरुद्ध देशभर स्त्रियांची आंदोलने उभी राहिली. मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. वर्गलढा यशस्वी झाला की स्त्रियांचे प्रश्न आपोआप सुटतील, ही डाव्या वर्तुळातील समजूत या काळात स्त्री कार्यकर्त्यांनी प्रश्नांकित केली. नवज्योत यांच्या कलेतही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्त्रीवादी दृष्टी ठळक होत गेली. १९९६ मधील ‘इमेजेस रिड्रॉन’ या शिल्पमालिकेत तिचा परिपाक आढळतो. प्राचीन मातृदेवतांच्या मूर्तींशी नाते सांगणारे, भरीव आणि कोणाच्याही नजरेसाठी न सजलेले स्त्रीदेह त्यांनी त्यात साकारले. भारतीय चित्रशिल्पात स्त्रीचा देह शतकानुशतके पाहण्याचा विषय राहिला आहे. येथे तो श्रमाचा, प्रसूतीचा आणि सामर्थ्याचा देह म्हणून समोर येतो.

या दोहोंच्या दरम्यान मुंबईवर मोठा आघात झाला. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर त्याच डिसेंबरात व पुढील जानेवारीत शहरात भीषण दंगली उसळल्या. नवज्योत यांनी १९९४ मध्ये ‘लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रिडिस्कव्हर्ड’ हे मांडणशिल्प सादर केले. तुटलेले आणि पुन्हा शोधलेले दुवे, असा या शीर्षकाचा आशय. चित्रचौकटीबाहेर पडून जागा, वस्तू, ध्वनी व चित्रफीत यांना एकत्र आणणारी ही रचना होती आणि तिच्या निर्मितीत अन्य कलाक्षेत्रांतील मंडळींचा सहभाग होता. दंगलीने माणसामाणसांतील विश्वास मोडला असताना एकट्याने स्टुडिओत बसून चित्र रंगविणे अपुरे वाटावे, हे स्वाभाविक होते. सहनिर्मिती ही त्यांच्या कलेची पद्धती बनण्यास येथून प्रारंभ झाला.

बस्तरची वाट

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नवज्योत बस्तरमध्ये गेल्या. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेला हा प्रदेश त्या वेळी मध्य प्रदेशात होता; १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची निर्मिती झाल्यावर तो नव्या राज्यात आला. कोंडागाव हे गाव रायपूर–जगदलपूर मार्गावर आहे आणि २०१२ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. मुरिया गोंडांच्या वस्तीचा हा परिसर घोटुल या तरुण-तरुणींच्या सामूहिक जीवनसंस्थेमुळे मानवशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. व्हेरिअर एल्विन यांचा घोटुलविषयीचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

कलेच्या दृष्टीने कोंडागावची ख्याती वेगळ्याच कारणासाठी आहे. मेणाचा साचा वितळवून त्या जागी पितळ ओतण्याच्या मधुच्छिष्ट पद्धतीने घडविलेल्या घडवा कारागिरांच्या मूर्ती, लोहारांची घडीव लोखंडाची दीपपात्रे व प्राण्यांच्या आकृती, लाकडातील कोरीवकाम, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले स्तंभ आणि भाजक्या मातीच्या वस्तू यांची येथे दीर्घ परंपरा आहे. जयदेव बघेल यांच्यासारख्या घडवा कलावंतामुळे कोंडागावचे नाव देशाबाहेर पोहोचले. तथापि अशा कलेला बाजारात ‘हस्तकला’ असे नाव मिळते. शहरातील चित्रकाराची कृती त्याच्या स्वाक्षरीने विकली जाते, तर बस्तरची मूर्ती प्रदेशाच्या अथवा जमातीच्या नावाने विकली जाते. मागणी एकाच नमुन्याची असल्यास कारागिराला तोच नमुना शेकडो वेळा घडवावा लागतो.

ही विषमता नवज्योत यांच्या बस्तरमधील कामाच्या केंद्रस्थानी आहे. १९९७–९८ मधील ‘मोड्स ऑफ पॅरलल प्रॅक्टिस’ या उपक्रमात त्यांनी तेथील कलावंतांसमवेत काम केले. शीर्षकातील ‘समांतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शहरातील प्रशिक्षित कलावंत वर आणि आदिवासी कारागीर खाली, अशी उतरंड न मानता दोन पद्धती शेजारी-शेजारी चालतील व एकमेकींना प्रश्न विचारतील, अशी त्यामागील कल्पना होती.

याच सहवासातून २००० मध्ये ‘डायलॉग इंटरॅक्टिव्ह आर्टिस्ट्स असोसिएशन’ ही संस्था कोंडागावात आकाराला आली. राजकुमार कोर्राम, शांतीबाई व गेस्सूराम विश्वकर्मा हे नवज्योत यांचे प्रमुख सहकारी. यांपैकी शांतीबाईंचे उदाहरण विशेष बोलके आहे. लाकूड कोरणे हे तेथे परंपरेने पुरुषांचे काम मानले जात असे. शांतीबाईंनी छिन्नी हाती घेतली आणि लाकडातील शिल्पकार म्हणून स्वतःची ओळख निर्माण केली. बाहेरून येणाऱ्या कार्यकर्तीने स्त्रीमुक्तीचा उपदेश करण्यापेक्षा, गावातल्याच एका स्त्रीने निषिद्ध मानलेल्या हत्याराने आपल्या कल्पनेतील आकृती घडविणे हे अधिक टिकाऊ ठरते.

नलपार आणि पिल्ला गुडी

संस्थेच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प ‘नलपार’ या नावाने ओळखला जातो. गावोगावी हातपंप बसविले गेले होते; परंतु पंपाभोवतीची जागा नीट बांधलेली नसल्याने सांडलेले पाणी साचून चिखल होई. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर उचलताना स्त्रियांच्या कंबरेवर व मानेवर ताण येई. पाणी भरणे हे स्त्रिया व मुलांचे काम असल्यामुळे या गैरसोयीची दखल घेण्याची कोणाला निकड भासत नव्हती.

कलावंतांनी पाणी भरणाऱ्यांशी बोलून या जागांची पुनर्रचना केली. पंपाभोवती पक्का ओटा, सांडपाण्याला निचऱ्याची वाट आणि वेगवेगळ्या उंचीचे टप्पे अशी ती रचना होती. हंडा आधी एका टप्प्यावर, मग त्याहून उंच टप्प्यावर ठेवता आला की तो डोईवर घेण्यासाठी खाली वाकावे लागत नाही. या टप्प्यांना आणि भोवतालच्या भिंतींना स्थानिक कलावंतांनी आपल्या परंपरेतील आकृतींची जोड दिली. त्यामुळे प्रत्येक पाणवठ्याचे रूप निराळे झाले. दुरून पाहणाऱ्याला ते शिल्प दिसते आणि पाणी भरणारीला ती सोय वाटते.

अमेरिकन कला-इतिहासकार ग्रँट केस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वन अँड द मेनी’ या सहनिर्मित कलेविषयीच्या ग्रंथात या उपक्रमाची दखल घेतली आहे. पाणवठा ही स्त्रियांना व मुलींना घराबाहेर, पुरुषांच्या नजरेपासून थोडे दूर राहून एकमेकींशी मोकळेपणी बोलता येईल अशा मोजक्या जागांपैकी एक असते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा. जागा स्वच्छ व बसण्याजोगी झाली की तेथे रेंगाळणे शक्य होते, आणि रेंगाळणे शक्य झाले की संवाद वाढतो. जुन्या मराठी साहित्यातील पाणवठा आठवून पाहिल्यास या निरीक्षणाची सत्यता सहज पटेल.

दुसरा प्रकल्प ‘पिल्ला गुडी’ म्हणजे मुलांचे मंदिर. नाव मंदिराचे असले तरी तेथे मूर्ती वा पूजाविधी नाही. मुलांना एकत्र जमता यावे, चित्र काढता यावे, गोष्टी ऐकता व सांगता याव्यात यासाठी बांधलेल्या या छोट्या वास्तू होत. औपचारिक शाळेत आदिवासी मुलांना आपली बोली व आपल्या कलापरंपरा बाजूला ठेवाव्या लागतात. ते धन मुलांच्या खेळण्या-शिकण्यात परत यावे, हा या वास्तूंमागील हेतू म्हणता येईल.

अशा कामाची गती कलादालनातील प्रदर्शनापेक्षा कितीतरी मंद असते. जागा कोणाची, परवानगी कोण देणार, बांधकामाची देखभाल कोण करणार, हे ग्रामस्थ व पंचायत यांच्याशी बोलून ठरवावे लागते. त्यातील पुष्कळसा वेळ बैठकांत जातो आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. नवज्योत यांच्या दृष्टीने हा संवाददेखील कलाकृतीचाच भाग आहे.

आक्षेप व प्रश्न

या कार्याविषयी प्रश्नही उपस्थित होतात. पहिला प्रश्न असा की, ओटा व निचरा बांधणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य आहे, मग कलावंताने ते करावे का? दुसरा प्रश्न लेखकत्वाचा आहे. कोंडागावातील काम महानगरांतील व परदेशांतील प्रदर्शनांत मांडले जाते, तेव्हा बव्हंशी मुंबईच्या कलावंताचे नाव पुढे येते. मग समानतेचा दावा कितपत टिकतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या पाणवठ्यांच्या घडणीतच आहे. शासकीय नमुना सर्वत्र सारखा असतो. येथे प्रत्येक जागा वापरणाऱ्यांच्या शरीराचा व सवयींचा विचार करून घडविली गेली. दुसऱ्या प्रश्नाचे असे निर्णायक उत्तर देता येत नाही. सहकाऱ्यांची नावे नोंदविणे, संस्थेच्या नावे काम करणे आणि शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांच्या स्वतंत्र निर्मितीला वाव देणे, हे उपाय योजले गेले. परंतु इंग्रजी भाषा, शिक्षण व कलाविश्वातील ओळखी यांमुळे येणारी विषमता एका संस्थेच्या सदिच्छेने नाहीशी होत नाही. कार्यकर्त्या कलावंतांपैकी पुष्कळांनी या विषमतेचा उच्चारही टाळला आहे. नवज्योत यांनी ती आपल्या कामाचा उघड विषय बनविली, हे त्यांचे वेगळेपण होय.

उत्तरकालीन निर्मिती

बस्तरमध्ये काम करीत असतानाच नवज्योत यांची मुंबईतील निर्मितीही चालू राहिली. २००२ मधील गुजरातच्या हिंसाचारानंतर त्यांनी २००३ मध्ये ‘लॅक्युना इन टेस्टिमनी’ हे चित्रफीत व आरसे यांचे मांडणशिल्प केले. साक्षीमधील रिकामी जागा, असा या नावाचा अर्थ. हिंसेत बळी पडलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही; वाचलेला देतो ती साक्ष अपुरी असते. समुद्राच्या लाटांच्या दृश्यातून त्यांनी हा आशय मांडला. २०१० मधील ‘टच ४’ या बावीस पडद्यांच्या रचनेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व तृतीयपंथी व्यक्ती स्वतःविषयी बोलतात. हे काम सांगली परिसरातील संघटित व्यक्तींशी झालेल्या संवादातून उभे राहिले. समाज ज्यांच्या स्पर्शाला विटाळ मानतो अथवा विकत घेतो, त्यांनाच स्पर्शाविषयी बोलते करणे ही त्यामागील भूमिका.

त्यानंतरच्या काळात त्यांचे लक्ष भूमी, खाणी व विस्थापन यांकडे वळले. ‘सोल ब्रेथ विंड’ या चित्रफितीत छत्तीसगडमधील खाणी व उद्योगांमुळे जमीन, जंगल आणि पाणी यांवर ओढवलेल्या संकटाविषयी तेथील रहिवासी व कार्यकर्ते बोलतात. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा १९९६ मध्ये आणि वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. कागदावरील हे हक्क आणि प्रत्यक्षातील भूसंपादन यांतील अंतर हा बस्तर व छत्तीसगडमधील संघर्षाचा गाभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर खाण, रोजगार आणि पाणी यांवरून गोव्यात झालेली चर्चा स्मरणात असलेल्या वाचकाला या चित्रफितीतील प्रश्न परके वाटणार नाहीत.

नॅन्सी अदजानिया यांनी नवज्योत यांच्या कलेवर लिहिलेला ‘द थर्टीन्थ प्लेस’ हा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अदजानिया यांनीच संयोजित केलेले ‘द अर्थ्स हार्ट, टॉर्न आउट’ हे सिंहावलोकनी प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८–१९ मध्ये भरले. आरंभीच्या काळातील चित्रांपासून अलीकडच्या चित्रफितींपर्यंतचा पट त्यामुळे प्रथमच एका छताखाली पाहता आला. कोंडागावचे पाणवठे मात्र संग्रहालयात आणता येत नाहीत. तेथे त्यांची छायाचित्रे आणि नोंदीच मांडता येतात.

मूल्यमापन

भारतीय आधुनिक कलेच्या इतिहासात कलावंतांचे मोल बहुधा त्यांच्या चित्रांच्या किमतीवरून आणि शैलीच्या वेगळेपणावरून ठरविले जाते. नवज्योत अल्ताफ यांच्याकडे कोणतीही एक ओळखण्याजोगी शैली नाही. तैलरंग, भित्तिपत्रक, मुद्राचित्र, लाकूड, चित्रफीत आणि सिमेंटचा ओटा ही माध्यमे त्यांनी प्रश्नानुरूप निवडली. त्यांच्या कामातील सातत्य शोधायचे तर ते कोणाच्या शेजारी उभे राहून काम करायचे, या निवडीत सापडते. गिरणगावाच्या शहरातील युवक चळवळ, दंगलीने दुभंगलेले शहर, बस्तरचे कारागीर, सांगलीच्या स्त्रिया आणि खाणीच्या कडेवरची गावे, असा हा क्रम आहे.

चळवळीतील कलावंताला दोन बाजूंनी बोल ऐकावे लागतात. कार्यकर्त्यांना त्याचे काम परिणामशून्य वाटते आणि रसिकांना ते प्रचारकी वाटते. कोंडागावच्या पाणवठ्यांनी या दोन्ही आक्षेपांना कामातून उत्तर दिले आहे. तेथे परिणाम मोजण्यासाठी हंडा किती वेळा वाकून उचलावा लागतो एवढे पाहणे पुरेसे आहे, आणि सौंदर्य मोजण्यासाठी एकही पाणवठा दुसऱ्यासारखा नाही एवढे. अशा जागा दीर्घकाळ उपयोगात राहायच्या तर त्यांची डागडुजी, निचऱ्याची सफाई आणि पंपाची देखभाल ही गावाची जबाबदारी होते. कलाकृतीचे आयुष्य तिच्या वापरकर्त्यांच्या हाती सोपविण्याचे हे धाडस नवज्योत आणि त्यांच्या बस्तरमधील सहकाऱ्यांनी केले, ही त्यांची कलेच्या इतिहासातील खरी भर आहे.